शिकाऊ गाडी आणि निळं स्पिरिट

काचेची बरणी. अर्धं पेट्रोल, अर्धं निळं स्पिरिट, वरून चमचाभर पाणी. हलवा. थांबा. मधोमध एक रेघ उमटते: वर पेट्रोल, खाली स्पिरिट.

बेकरीच्या काचेवर कागद: व्हॅन चालवायला माणूस पाहिजे, लायसन्स असलेला. खाली कोणीतरी पेनानं: किंवा असलेली.

रबराची नळी रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवली. करंगळीएवढी होती, सकाळी अंगठ्याएवढी.

"सॉरी मॅडम."

टपावर पाटी: शिकाऊ. आत दोन क्लच, दोन ब्रेक.

"सॉरी मॅडम, क्लच परत लवकर सुटला."

*

गाडी मॅडमची, ड्रायव्हिंग स्कूलही मॅडमचं, आणि स्कूल म्हणजे ही एकच गाडी. पंपावर पेट्रोल येईल की नाही याचा भरवसा उरला नाही, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी साखर कारखान्याचं स्पिरिट टाकून बघायला सुरुवात केली. कोणी पिऊ नये म्हणून त्यात निळा रंग घातलेला असायचा. कोणी ते पेट्रोलमध्ये मिसळलं आणि त्याची गाडी भर चौकात रुसून बसली. मॅडमनी घरी बरणीतली रेघ पाहिली आणि ठरवलं: मिसळामिसळ नाही. निव्वळ स्पिरिट.

"वहिनी, सकाळची उठायची नाही गाडी," भावोजी म्हणाले. मॅडमचे धाकटे दीर, गॅरेज त्यांचं. "थंड इंजिनात स्पिरिट पेट घेत नाही."

"मग उठवायला पेट्रोल द्या. घोटभर."

"कार्बोरेटरचं जेट, म्हणजे इंधन यायचं भोक, तेही मोठं करावं लागेल. स्पिरिट जास्त लागतं."

"करा."

"दादा काय म्हणतोय?"

"तुमचा दादा म्हणतोय, स्कूल बंद कर. तुम्ही जेटचं बघा."

भावोजींनी सगळ्यात बारीक ड्रिलनं जेट मोठं केलं, नळ्या बदलल्या, डॅशबोर्डखाली पेट्रोलची छोटी बाटली आणि तोटी बसवली. तोटी उघडायची, पेट्रोलवर गाडी सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी बंद.

सपाटीवर गाडी झकास पळाली.

*

मॅडमकडे शिकायला येणारी बेकरीवाली त्या बेकरीत भट्टीवर कामाला होती. मालकानं तिला व्हॅन कबूल केली होती, पण लायसन्स हातात आलं तर. ती दोनदा नापास झालेली. दोन्ही वेळा चढावर, दोन्ही वेळा गाडी बंद. तिसरी परीक्षा सोमवारी. "मंगळवारी मी दुसरा माणूस ठेवणार," मालक म्हणाला होता, आणि तो बोललं की करणारा होता.

दवाखान्यामागचा चढ. क्लच दाबा. पहिला गिअर. आता क्लच हळू. अजून हळू. हँडब्रेक सोडा.

थोडं वर. बंद.

"सॉरी मॅडम."

"पाय आहे की वीट?"

"वीटच म्हणा. भट्टीत हात घालून ट्रे काढते मी, तेव्हा काही वाटत नाही. हे एक पेडल माझा जीव खातं."

"पुन्हा."

पुन्हा. बंद. मागचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि वळसा घालून गेला.

"उतरा," मॅडम म्हणाल्या. "मी दाखवते."

त्यांनी जागा बदलल्या. क्लच, गिअर, हँडब्रेक, सगळं पुस्तकात छापावं असं. गाडी अर्धा चढ चढली आणि इंजिन फुंकर मारल्यासारखं विझलं.

शेजारून आवाज आला: "मॅडम, पाय आहे की वीट?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाल्या, "क्लच चुकला की गाडी गचका देते. आत्ता गचका बसला?"

"नाही."

"तुमच्या वेळी बसत होता?"

"लक्षात नाही हो. मला बंद म्हणजे बंद."

"माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी नुसती तुमच्या पायाकडे बघत बसले."

*

भावोजींनी फिल्टर काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लॅस्टिक, आत चॉकलेटी चिखल.

"स्पिरिटनं टाकी धुतली, वहिनी. वर्षानुवर्षांचा गंज सुटा केला आणि सगळा इथे आणून बसवला. सपाटीवर थोडंथोडं पुढे जातं, भागतं. चढावर गाडी जास्त मागते, तेव्हा घसा कोरडा."

"परीक्षेपुरतं पेट्रोल मिळालं तर?" बेकरीवालीनं विचारलं.

"पंपाला साखळी लावलीय."

"मिळालं तरी नको," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी मला दुसऱ्या कोणाला तरी याच गाडीत शिकवायचंय. भावोजी, टाकी उतरवा."

टाकीत मूठभर खडी आणि स्पिरिट घालून तिघांनी ती पाळण्यासारखी हलवली. बेकरीवालीचे दंड कामाला आले. नवा फिल्टर शनिवारी पुन्हा चॉकलेटी झाला. पुन्हा खडी, पुन्हा पाळणा. "बाळ काही झोपत नाही," भावोजी म्हणाले. रविवारी फिल्टर कोरा राहिला. दवाखान्यामागचा चढ बेकरीवाली इतक्यांदा चढली, की गेटवरच्या वॉचमननं विचारलं, पेशंट कोण आहे.

*

सोमवार. इन्स्पेक्टर मॅडमच्या जागेवर बसले आणि त्यांनी नाक वर केलं.

"कोण पिऊन आलंय?"

"गाडी, साहेब," मॅडम खिडकीतून म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी बेकरीवालीला तोंडावर फुंकायला लावलं. तिच्या श्वासाला काही वास नव्हता. तिनं खाली वाकून तोटी उघडली.

"हे काय आता?"

"तिला आधी घोटभर पेट्रोल लागतं, साहेब. मग ताळ्यावर येते."

मॅडम परीक्षेच्या चढाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. पर्समध्ये आणखी एक नवा फिल्टर होता आणि इथून त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता. गाडी मध्यावर थांबली. हँडब्रेक. इंजिनाचा आवाज खाली गेला, आणखी खाली. बेकरीवालीनं सॉरी म्हटलं नाही. क्लच तिथेच धरला, ॲक्सिलरेटर दाबला, आवाज परत वर यायची वाट बघितली. मग हँडब्रेक सोडला.

गाडी चढ चढून दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा इन्स्पेक्टर सही करत करतच उतरले.

"पास," ते म्हणाले. "गाडीला जरा कमी पाजा."

मॅडम आत बसल्या. बेकरीवालीनं कागद दोनदा वाचला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"म्हणजे बघा मॅडम, मी आधीही नापास नव्हतेच. दोन्ही वेळा मला तुमच्या स्पिरिटनं पाडलं."

मॅडमनी तोंड उघडलं. बेकरीवालीनं न बघता गिअर टाकला, आरसा नीट केला.

"बेकरीपर्यंत मीच नेते," ती म्हणाली.

"न्या. समोर बघा."

आधीच्या दोन्ही परीक्षांच्या वेळी टाकीत निव्वळ पेट्रोल होतं.