पडदा ओढायचा राहिला

मी एक तार बोलतेय. आवाज जरा फाटका येईल, सांभाळून घ्या. तो फाटला कसा, तेच सांगायचंय, आणि सांगताना मान वर होत नाही.

डबल बास नावाचं वाद्य तुम्ही पाहिलं असेल. माणसाहून उंच, पोट सुटलेलं, उभ्यानं मिठी मारून वाजवायचं. त्याच्यासाठी मी जन्मले. पोलादाची नव्हे, मेंढीच्या आतड्याची. माझ्या एकटीत सत्तर आतडी आहेत. सत्तर जीव गेले आणि त्यांतून निघाले काय, तर मी!

मला दोघा भावांनी घडवलं. थोरल्याचा हात सावकाश, धाकट्याचा घाईचा. कत्तलखान्यातून बादल्या आणायच्या, आतडी धुवायची, चरबी खरवडायची, ही कामं धाकट्याकडे. शेजारी नाक दाबून विचारायचे, "आज काय शिजतंय रे?"

"गाणं शिजतंय. येता जेवायला?" धाकटा म्हणायचा.

थोरला मात्र डोळे मिटून ओला धागा बोटांतून सोडत बसायचा. जाड-बारीक लागला की बाजूला. मग निवडलेले सगळे धागे चाकाच्या आकड्याला अडकवून पिळायचे आणि लांब चौकटीवर ताणायचे.

खरं काम त्यानंतरचं. तार वाळेपर्यंत खुंटी फिरवून रोज थोडा थोडा पीळ द्यावा लागतो. दुपारी खिडकीतून ऊन आलं की पडदा ओढावा लागतो. "तिला सगळ्या अंगानं सारखं म्हातारं होऊ दे," थोरला म्हणायचा.

वाळलेली तार घासून-पुसून झाली की तिची परीक्षा. एक टोक खिळ्याला, दुसरं हातात ताणून अंगठ्यानं छेडायचं. थरथरताना दोन स्वच्छ कडा दिसल्या तर तार खरी. मध्ये तिसरी रेघ घुटमळली तर खोटी, सूर न धरणारी. खोट्या तारेला थोरला तिथल्या तिथे कात्री लावायचा, मग मेहनत कितीही वाया जावो.

मी चौकटीवर ओलीच होते. थोरला खुंटीपाशी आला आणि छातीवर हात ठेवून खाली बसला. धाकट्यानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि अनवाणीच दवाखान्याकडे धाव घेतली.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. पडदा उघडाच. दुपारचं ऊन माझ्या मधल्या हातभर अंगावर पडत राहिलं. तेवढी मी वाळून काठी झाले, बाकीची ओलीच.

तिसऱ्या दिवशी धाकटा एकटा परतला. थोरल्याची बायको, वहिनी, दारातच बसून राहिली. त्यानं तोंडावर पाणीही मारलं नाही, तडक खुंटी धरली. "दादा, तुझे राहिलेले पीळ मी देतो," म्हणाला, आणि दोन दिवसांचे सगळे पीळ रडत रडत एका दमात देऊन टाकले. वाळलेला भाग हलला नाही. सगळा ताण ओल्यावर गेला. मी नुसती करकरले.

पुढे त्यानं मला घासलं, तेल चोळलं. मी अशी चमकले की बघत राहावं. मग खिळ्याला लावून छेडलं. तिसरी रेघ त्यालाही दिसली. त्यानं कात्री उचलली, बराच वेळ धरली आणि परत टांगली. "हिच्यावर दादाचा हात आहे," एवढंच पुटपुटला.

वाचले म्हणून मला तेव्हा आनंद झाला होता. त्या आनंदाची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

वाजवणाऱ्या ताई मला न्यायला आल्या. पोलादी तार माझ्या पाव किमतीत मिळते. पण माझ्यासारखा ऊबदार आवाज हवा म्हणून त्यांनी वर्षभर दर रविवारी मुलांच्या शिकवण्या घेतल्या होत्या.

"दादा कुठायत?"

"बाहेर गेलाय," धाकटा म्हणाला. त्यानं घाईनं माझं वेटोळं करून पुढे धरलं.

त्यांनी मला छेडून पाहिलंच नाही. "दादांची तार काय तपासायची?" म्हणत पिशवीत ठेवलं.

ताईंनी मला कार्यक्रमाच्या तोंडावरच घाईत चढवलं, आणि भर कार्यक्रमात एक लांब, एकट्या बासचा सूर होता. सभागृह गप्प झालं. ताईंनी गज ओढला, आणि माझा आवाज फाटला. सूर डगमगला, घोगरला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंच्या म्हशीला सर्दी झालीय." लोक हसले. ताईंचे कान लाल झालेले मला अगदी जवळून दिसले.

दुसऱ्याच सकाळी मला वाद्यावरून उतरवून, पिशवीत घालून त्या भावांच्या कारखान्यात. "दादांना बोलव! हात गेला का त्यांचा? की डोळे?"

आतून वहिनी आली. "ते नाहीत हो. महिना झाला."

ताईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं. मला कुरवाळत म्हणाल्या, "म्हणजे ही त्यांची शेवटची. आजारपणात हात कापत असेल बिचाऱ्यांचा. राहू दे. मी कुणाला काही बोलणार नाही."

वहिनीनं हळूच मान डोलावली. धाकट्यानं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर मी आज कुठल्यातरी पेटीत मानानं पडून असते.

"त्याचा हात कापत नव्हता!" तो ओरडला. "पीळ मी दिलेत! खोटी दिसली, तरी मीच दिली तुम्हाला. त्याच्या नावाला बोल नका लावू, ताई. मला लावा."

त्यानं कात्री काढली. या वेळी हात थांबला नाही.

मला दुखलं, पण उगाच खोटं कशाला बोलू? बरंही वाटलं.

"आता?" ताईंनी विचारलं.

"आता नवी. पैसे नकोत. पण वेळ लागेल, आणि नेताना छेडून बघायची. माझ्यासमोर."

"बघेन. दहादा बघेन," ताई म्हणाल्या. जाताना वहिनीजवळ बराच वेळ बसल्या.

माझा तो मधला, उन्हानं वाळलेला तुकडा त्यानं फेकला नाही. आता मी खिडकीच्या पडद्याची दोरी आहे. समोर चौकटीवर नवी तार ओली आहे. माझी एकच विनंती आहे: आपल्या माणसानं केलेली वस्तू असली, तरी एकदा ताणून बघा. त्यात त्याचा अपमान नसतो.

बरं, थांबते. दुपार झाली. धाकटा ओले हात पुसत येतोय, मला ओढायला.