अर्धा वेढा

शरणम्माने काडीला अर्धा वेढा दिला आणि बोटे थांबवली.

"झालं?" काशम्माने डोळे मिटूनच विचारले.

"आजच्यापुरतं झालं, अक्का."

"एवढंच?"

"जोर केला तर तुटतोय. तुटला म्हंजे काय हुतं, ते ह्या घरात मी सांगायला नको."

काशम्माने डोळे उघडले नाहीत. तिचा उजवा पाय जावेच्या मांडीवर होता. घोट्याच्या वर फोड फुटून त्यातून पांढऱ्या सुतासारखा नारू बाहेर डोकावत होता, आणि त्याचे टोक खराट्याच्या काडीला गुंडाळलेले होते. रोज जेवढा सुखासुखी येईल तेवढाच गुंडाळायचा आणि काडी पायाला बांधून ठेवायची, हाच त्यावरचा उपाय. दवाखान्यातल्या डॉक्टरनेही दुसरे काही सांगितले नव्हते. कापडाच्या दुकानदाराच्या बायकोच्या पायातून सूत निघतेय म्हणून गल्लीतल्या बायका हसल्या होत्या. पण पदर तोंडाला लावून, कारण सणाला लुगडी संगप्पांच्याच दुकानातून घ्यायची होती.

शरणम्माने फोडावर धोतऱ्याचे पान ठेवले, चिंधी बांधली आणि पाय अलगद उशीवर ठेवला. मग भिंतीला धरून उठली. तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. उठताना तो आधी बाजूला फेकावा लागे. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्या झटक्याने वाजला. जुडगा काशम्माचा होता. अंथरूण धरल्यावर तो कुणाच्या तरी कमरेला जाणे भाग होते, आणि घरात दुसरी बाई नव्हती.

संगप्पांचा धाकटा भाऊ वारला, तेव्हापासून शरणम्मा या घरात होती. घरात होती म्हणजे स्वयंपाकघरात, परसात आणि विहिरीच्या पायऱ्यांवर होती. दुकानाच्या निम्म्या भागावर तिच्या नवऱ्याचे नाव होते, असे ती एकदाच म्हणाली होती. पुन्हा म्हणाली नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्शल लॉच्या उन्हाळ्यात, नारू तिच्या पायाला झाला होता. काशम्माच्या लेकीचे लग्न तोंडावर होते, आणि शरणम्मा काडी बांधून कोपऱ्यात बसलेली. काशम्मा दोन दिवस तिच्यावरून इकडून तिकडे गेली. तिसऱ्या दिवशी थांबली.

"पावणे यायला लागले. पाणी काय त्यांनी आणायचं? किती दिवस काडीशी खेळत बसणार हाईस?"

असे म्हणून तिने वाकून काडी धरली आणि स्वतःच ओढली.

नारू तुटला. आतला तुकडा आतच कुजला, आणि पाय मांडीपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. लग्नाचे ताशे शरणम्माने कापडाच्या गठ्ठ्यांच्या खोलीत पडून ऐकले. पंगती उठल्यावर काशम्मा पत्रावळीत बुंदी घेऊन आली, पायाकडे बघून म्हणाली, "नशीब ज्याचं त्याचं," आणि पत्रावळ उशाशी ठेवून गेली. मुंग्या लागल्या तरी शरणम्माने ती बुंदी उचलली नाही. आठवणीला काहीतरी खूण लागते.

पाय बरा झाला तो असा, काठीसारखा. पाणी मात्र तिलाच आणावे लागे. नळ पेठेत केव्हाच आला होता. पण नळाच्या चावीत कातडे असते, ते पाणी आपल्या घरात चालणार नाही, हे काशम्माने ठरवले होते. त्यामुळे शरणम्मा रोज घागर कडेवर घेऊन, एक पाय फेकत, परसामागच्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरे.

त्या दिवाळीच्या सुमारास म्युनिसिपालटीचा एक टोपीवाला दारात आला. नारू पाण्यातून होतो, म्हणाला. नारूवाला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याचे बीज पाण्यात पडते, डोळ्यांना दिसत नाही, पोटात गेले की साल उलटल्यावर पायातून निघते. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या.

"नारू नशिबाचा असतोय," काशम्मा उंबऱ्यातून म्हणाली. "पाण्याचा कसला? मग मला न्हाय झाला तो?"

दाराआड उभी राहून शरणम्मा शब्दन् शब्द ऐकत होती.

म्युनिसिपालटीच्या साहेबापुढे वाईट दिसू नये म्हणून संगप्पांनी पाणी गाळायला सांगितले. दुकानातला माल घरात फाडायचा नाही, हेही सांगितले. तेव्हा शरणम्माने आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला, दुहेरी केला. विहिरीचे पाणी तांब्याच्या हंड्यात, तिथून गाळून माठात, आणि प्यायचे ते माठातले, अशी तिने रीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी काशम्माच्या पूजेच्या तांब्यावर तिने तेच फडके धरले.

काशम्माने तिचा हात झटकला. "रंडकीचं फडकं माझ्या देवाच्या पाण्याला? अक्कल हाय का तुला? माझा तांब्या हंड्यातनं भर. तसाच."

शरणम्माने फडके खाली घेतले. "बरं, अक्का."

थोरल्या जावेचा शब्द मोडणाऱ्यांपैकी ती नव्हती. त्या दिवसापासून संगप्पांचे पाणी गाळलेले, पोराचे गाळलेले, दुकानातल्या गड्यांचेसुद्धा गाळलेले. एक तांब्या तेवढा तसाच. पूजा आटोपली की काशम्मा त्यातले पाणी तीर्थ म्हणून घेई, आणि दिवसभर त्याच तांब्यातून पिई. तांब्या रिकामा झाला की शरणम्मा न सांगता भरून ठेवी. घरातल्या कुठल्याच कामात तिने इतका नेम पाळला नव्हता. पुढचा उन्हाळा आला आणि गेला. तिने घाई केली नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पोराच्या लग्नाची तिथी अक्कलकोटला धरून झाल्यावर, एका सकाळी काशम्मा म्हणाली, "घोट्याला आग का हुतीया गं?"

शरणम्मा पळी खाली ठेवून पाहायला आली. घाई अशी तिने केली ती त्या दिवशीच.

दुपारी शेजारच्या अंबुबाई समाचाराला आल्या. बसल्या, पान खाल्ले, काडीकडे पाहून शहारल्या.

"काशम्मा, नशीबवान हाईस. सख्खी भैन करणार न्हाय एवढं. हिच्या जागी दुसरी असती तर..." त्यांनी शरणम्माच्या पायाकडे पाहिले आणि पुढचे पानाबरोबर गिळले. "लग्नाला जाशील की तोवर?"

"जायलाच पायजे. पोराची आई मी."

"शरणम्मा, निघंल का गं तोवर?"

"त्याच्या मनावर हाय," शरणम्मा म्हणाली. "गाडीच्या हिसक्यानं तुटला तर? मी आपली जपतीया."

"किती जीव लावती बाई!" अंबुबाई म्हणाल्या, आणि गल्लीभर तेच सांगायला उठून गेल्या.

त्यांची पावले वाजेनाशी झाली. मग काशम्मा कोपरावर उठून बसली.

"काल एक वेढा सहज येत हुता. तू अर्ध्यावर थांबलीस. परवा बी."

शरणम्मा चिंध्यांची घडी घालत राहिली.

"ओढ," काशम्मा म्हणाली. "मी ओढला हुता तुझा. तसा ओढ एकदाचा आणि मोकळी हो. मी सोसन."

"न्हाय, अक्का."

"का?"

"मी तुमच्यासारखी न्हाय."

काशम्माचा आवाज खाली आला.

"सगळं घर एका विहिरीचं पाणी पितंय. नारू मलाच कसा?"

"नशिबाचा असतोय. तुमीच म्हणाला हुता की."

"माझं पाणी गाळत हुतीस का न्हाय?"

"तुमी नको म्हणालात."

"मग पुन्हा सांगायचं न्हाईस?"

"तुमी कुटं विचारलंत?"

बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

"ह्यांना सांगते मी. आजच सांगते. दारात उभी करणार न्हाईत तुला."

"सांगा की." शरणम्माने काडीवरची चिंधी नीट केली. तिच्या बोटाचा धक्का काडीला लागला न लागला, आणि काशम्माने श्वास आत घेतला. "पर मग ही कोण धरंल, ते बी ठरवून ठिवा."

काशम्मा सावकाश मागे रेलली. कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला. ती दुकानदाराची बायको होती. हातात काय उरले आहे हे पाहिल्याशिवाय ती पुढचे बोलत नसे.

"बरं," ती म्हणाली. "जा. पाणी आण. गाळून आण. त्या कोऱ्या कापडातनं."

कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा तिने आदल्या संध्याकाळीच नवऱ्याकडून मागवून घेतला होता. दुकानातला माल घरासाठी फाडला गेल्याची ती पहिलीच वेळ. शरणम्माने तो संगप्पांच्या हातून घेऊन माजघरातल्या खुंटीवर ठेवला होता.

ती उठली, पाय फेकत आत गेली. हंड्यावरचे झाकण वाजले. पाण्याचा आवाज झाला. परत आली तेव्हा तांब्या काठोकाठ होता आणि तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"गाळलंस?"

"व्हय."

काशम्माने तांब्या खिडकीच्या उजेडाकडे तिरपा धरून आत पाहिले. पाणी नितळ होते. त्या विहिरीचे पाणी नेहमीच नितळ दिसे. तिने तांब्या परत पुढे केला.

"आदी तू पी."

शरणम्मा खाली बसली. तिने आपल्या पायांकडे पाहिले. डावा समोर लाकडासारखा पसरलेला. उजवा दुमडून अंगाशी घेतलेला, धडधाकट, पायऱ्या उतरताना सगळा भार घेणारा. त्यावरून तिने एकदा हात फिरवला, बाजारात न्यायच्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडून, एक थेंबही न सांडता, अर्धे पाणी प्याली.

काशम्मा तिच्या गळ्याची हालचाल बघत होती. ती हालचाल थांबल्यावर काशम्माच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

"आता रोज असंच," ती म्हणाली. "आदी तू, मग मी. माझ्यासमोर."

"व्हय, अक्का. रोज."

काशम्माने तांब्या घेतला आणि उरलेले पाणी तळापर्यंत पिऊन टाकले. उन्हाची वेळ होती. तहान लागली होती. शरणम्माने रिकामा तांब्या उचलला, पाय फेकत माजघरात गेली आणि तो हंड्याशेजारी पालथा घातला.

खुंटीवरच्या मांजरपाटाची दुकानातली घडी अजून मोडलेली नव्हती.