शेठ बसला की बसला

आमच्या घराच्या दाराला चार कुलपं आहेत आणि चारही आमच्या ठकूला उघडता येतात. लोक हसतात. कुलपं बनवणाऱ्यांच्याच घरात कुलूप टिकत नाही म्हणजे काय! हसू देत. खाण तशी माती. आजोबा, बाप, सगळे कुलपात बोटं घालून मोठे झालेले; पोरीची बोटं काय भाजी निवडणार?

ठकू आठ वर्षांची आहे आणि तिला ऑटिझम आहे. ती थोडं बोलते, पण ते बहुतेक कुणाचं तरी ऐकलेलं असतं. भूक लागली की दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणते, "जरा लवकर बघा, गाडी उभी आहे." आम्हाला कळतं, ताट वाढायचं. फिरणारी एखादी वस्तू दिसली, पंखा म्हणा, चाक म्हणा, की मात्र ती बोलत नाही. ती सुटते. मध्ये रस्ता आहे, रस्त्यावर गाड्या आहेत, मागे आई बोंबलतेय, यातलं काहीही तिच्या खिजगणतीत नसतं. गेल्या वर्षी एका ट्रकने तिच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक दाबला. ड्रायव्हर खाली उतरून मला वाटेल ते बोलला, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी मुकाट्याने ऐकत उभी राहिले.

म्हणून शेठ आला. शेठ म्हणजे काळा, जाडजूड लॅब्रेडॉर, अशा मुलांसाठी खास शिकवून तयार केलेला. संस्थेने त्याचं नाव काहीतरी नाजूक ठेवलं होतं. पण पहिल्याच दिवशी तो आमच्या गल्ल्याशेजारी असा ऐटीत बसला की दुकान त्याचं आणि आम्ही पगारी नोकर. तेव्हापासून तो शेठ.

त्याचं काम सोपं दिसतं. ठकूच्या कमरेला एक पट्टा, तो शेठच्या पाठीवरच्या साजाला बक्कलने अडकवलेला, आणि शेठची दोरी माझ्या हातात. ठकू सुटायला लागली की मी म्हणायचं, "बैस." शेठ बसतो. आणि शेठ बसला की बसला. पोत्यासारखा. ठकू ओढून ओढून दमते आणि शेवटी त्याच्याच पोटावर डोकं टेकते. गर्दीने, गोंगाटाने तिला असह्य झालं आणि ती कान दाबून ओरडायला लागली, तर तो तिच्या मांडीवर आडवा होतो आणि सगळं वजन टाकून पडून राहतो. आम्ही दोघं तासभर विनवण्या करून जे जमवू शकत नव्हतो ते तो घोरता घोरता करतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. मग मी चहा केला आणि तो बसून, गरम असताना प्यायले. असा चहा मी ठकू चालायला लागल्यापासून प्यायले नव्हते. राग गेला.

पण शेठ अजून आमचा झालेला नव्हता. आधी काही महिने घरी राहायचं, मग संस्थेच्या मॅडमबरोबर बाजारातून एक फेरी मारायची. पोर आणि कुत्रा ही जोडी रस्त्यावर सुरक्षित आहे असं मॅडमना पटलं तर कुत्रा राहणार, नाहीतर दुसऱ्या घरी जाणार. वाट बघणारी घरं पुष्कळ होती.

आता आमचा पराक्रम ऐका. ते बक्कल ठकूने दुसऱ्याच दिवशी उघडलं. त्याच्याकडे न बघता, एका हाताने, जांभई देत. माझा नवरा आधी घाबरला आणि मग त्याची छाती फुगली. "बघितलंस? कुणाची लेक आहे!" असं म्हणून तो कामाला लागला. कानस, पितळ, इवलीशी स्प्रिंग. बक्कलच्या जागी त्याने सुपारीएवढं कुलूप बसवलं. ठकूने ते फिरवून बघितलं, चावून बघितलं, कानाला लावून ऐकलं आणि शेवटी रुसून बसली. आम्ही दोघं फुशारून गेलो. गल्लीतल्या चार जणांना दाखवूनही झालं.

फेरीच्या आधी मॅडम घरी आल्या. या बाई कधी आवाज चढवत नाहीत, हीच त्यांची मोठी खोड आहे. त्यांनी ते कुलूप बोटाने उचलून बघितलं.

"समजा, लिफ्टमध्ये शेठ आत गेलाय," त्या म्हणाल्या, "ठकू बाहेर राहिलीये, आणि दार लागतंय. उघडा."

मी पर्समध्ये हात घातला. कुलूपवालीच्या पर्समध्ये काय असणार? किल्ल्या. गिऱ्हाइकांच्या, नमुन्याच्या, गंजलेल्या, कपाटाच्या, कुणाच्या तरी स्कूटरच्या. मी पर्स टेबलावर उपडी केली. नवरा खिसे चाचपायला लागला. आम्ही दोघं जन्मभर किल्ल्यांत राहिलेली माणसं, आणि हवी ती किल्ली सापडेना.

"लिफ्ट वर गेली," मॅडम म्हणाल्या.

मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते.

"मॅडम, तुम्ही संध्याकाळी तुमच्या घरी जाता. साधं बक्कल ही पोरगी झोपेत उघडते. मग आम्ही करायचं काय?"

"उघडू दे. शेठ म्हणजे कुलूप नाही. तुम्हाला कुलूपच हवं असेल तर तुमच्या दुकानात ढीगभर आहेत, मी हा ज्यांना कुत्रा हवाय त्यांना देते." दाराशी जाऊन त्या वळल्या. "शुक्रवारी फेरीला साधं बक्कल लावा. रस्त्याच्या बाजूने मी चालेन, ते माझ्यावर सोडा. पण तुम्ही पोरीचा हात धरायचा नाही. जे करायचं ते शेठकडून करून घ्यायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवऱ्याने ते कुलूप काढलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "ती जाईल गं," तो म्हणाला. "उघडेल आणि जाईल. मग शेठही जाईल." शुक्रवारी तो आमच्याबरोबर आला नाही. आला असता तर त्याने पहिल्याच वळणावर पोरीला उचलून कडेवर घेतलं असतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

फेरी छान सुरू झाली. भाजीवाल्यांच्या रांगेतून आम्ही गेलो, सरकत्या दारातून आत गेलो, बाहेर आलो. एका बाईने "अय्या, कुत्रा!" म्हणून हात पुढे केला. मी म्हटलं, "ड्यूटीवर आहे, हात लावू नका." ती शेठलाच सॉरी म्हणाली. मी मनात म्हटलं, जमलं गं बाई.

आणि गल्लीच्या तोंडापलीकडे, नव्या इमारतीसमोर, काँक्रीटचा मिक्सर उभा होता. भलंमोठं पिंप, त्यावर लाल पट्टे, गरगर फिरतंय. गल्लीतून रिक्षा, मोटारी बाहेर पडत होत्या.

ठकूचा हात कमरेकडे गेला. खट्.

माझा हात आपोआप पुढे झाला होता. तो मी कसा मागे घेतला ते मला विचारू नका. तोंडातून मात्र सवयीने शब्द निघून गेला, "बैस!" किती मूर्खपणा! पोरगी सुटलेली, आणि मी कुत्र्याला बसवतेय. पण शेठ हुकमाचा ताबेदार, तो बसला. मॅडम हात पसरून ठकूच्या पुढे पोचल्या होत्या.

ठकू तीन-चार पावलं गेली आणि थबकली. मागे ओढ नव्हती. कित्येक महिने तिच्या कमरेला ती ओढ होती, आणि आता नाही, हे तिला खटकलं असावं. ती वळली. माझी पोर पळताना कधी मागे वळून बघत नाही. त्या दिवशी बघितलं. शेठ जागेवर बसला होता, पट्टा जमिनीवर लोळत होता.

ती परत आली. शेठच्या साजाची मूठ धरून तिने त्याला मिक्सरच्या दिशेने ओढलं. शेठ ढिम्म.

"ऊठ," ती म्हणाली. अगदी माझ्या आवाजात, माझ्या वैतागासकट. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भलतीकडे बघितलं.

"ऊठ! चल!"

शेठने कान हलवले, पण नजर काढली नाही माझ्यावरून. दोरी माझ्या हातात होती ना. ठकूने त्याच्याकडे बघितलं, मग तो कुठे बघतोय ते बघितलं, आणि तसं बघत बघत तिची नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली. ती सहसा तोंडाकडे बघत नाही कुणाच्या.

"आई, उठव," ती म्हणाली.

मी आठवून बघितलं. हे कुठल्या गिऱ्हाइकाचं नव्हतं. नवऱ्याचं नव्हतं, माझं नव्हतं. हे तिचंच होतं, नवंकोरं. मला तिथेच फुटपाथवर फतकल मारून रडावंसं वाटलं. पण एवढी वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई आहे मी, समोरच्याला गरज आहे हे दिसल्यावर सौदा कसा सोडेन?

"आधी बक्कल लाव," मी म्हटलं.

तिने मिक्सरकडे बघितलं. शेठकडे बघितलं. मग खाली वाकून पट्टा उचलला आणि स्वतःच्या हाताने बक्कल लावलं. लावताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिचं सगळं कसब आजवर उघडण्यातच होतं.

"ऊठ शेठ," मी म्हटलं. "चल."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबलो, गाड्या जाऊ दिल्या, पलीकडे गेलो आणि मिक्सरसमोर उभे राहिलो. ठकू शेठच्या पाठीवर हात ठेवून हसत होती. मिक्सरवाल्याला वाटलं आम्ही तक्रार करायला आलोय, तो बिचारा मशीन बंद करायला निघाला, तेव्हा मॅडमच ओरडल्या, "चालू ठेवा हो!" आवाज चढवून.

मग त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "शेठ तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा कोरडा झाला होता, पण नाक लाल.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात दाबला आणि सोडायला विसरले. दुसऱ्या हातात दोरी, त्यात फोन वाजला. नवरा होता.

"उघडलं का तिने?" त्याने विचारलं.

"उघडलं."

तो हळूच म्हणाला, "गेली ना?"

"नाही," मी म्हटलं. "विचारलं, आणि मग आम्ही सगळेच गेलो."

"विचारलं? ठकूने? कुणाला?"

"मला," मी म्हटलं.