खाडीकाठचं मोतीवाल्याचं घर

इतिहास माणसाला हाक मारतो. लियाकतला ती शुक्रवारी दुपारी, बायकोच्या, सायराच्या आवाजात ऐकू आली. आठवड्यातली एकुलती एक दुपारची झोप सोडून तो दुबईच्या खाडीकाठचं मोती-व्यापाऱ्याचं जुनं घर पाहायला निघाला.

ओसरीवरच म्हाताऱ्या मालकाने इवल्या प्याल्यात कहवा, म्हणजे अरबी कोरी कॉफी दिली. त्याच्या रत्नागिरीत वडीलधाऱ्यांना नको म्हणत नाहीत, म्हणून लियाकत पीत राहिला आणि मालक ओतत राहिला.

सातव्या प्याल्याला सायरा पुटपुटली, "अहो, घर बघायला आलोय ना?"

"मग तूच सांग त्यांना. माझी झोप तर केव्हाच उडाली."

शेजारी बसलेला दुसरा पाहुणा हसला. "हबीबी, नको असेल तर रिकामा प्याला हलवायचा."

लियाकतने हलवला.

"खलास?" म्हणत मालक उठला आणि दार लावून आत झोपायला गेला.