भिकुअक्काचा कायदा

"मी सांगस ते कोनले खरं वाटाव नही," असं म्हणून भिकुअक्काने ओट्यावर मांडी ठोकली. सत्तर वर्षांत ती जेवढं खोटं बोलली तेवढा पाऊस पारोळ्याकडे पडता, तर माळावर ऊस उभा राहिला असता. बिबट्याला तिने ताक पाजलं होतं. एका भोपळ्याच्या नावेतून अख्खं वऱ्हाड बोरी नदीपार उतरवलं होतं. पण त्या दुपारी ती करमणुकीला बोलत नव्हती. तिला चारची जळगाव एसटी चुकवायची होती.

त्या एसटीने मंदा जाणार होती. मंदा म्हणजे अक्काच्या भाच्याची, झुलालची पोरगी. आखाजीच्या सणाला माहेरी आली, पण निंबाखालच्या झोक्याला तिने हात लावला नाही. सण उलटल्यावर अक्का तिचं डोकं धूत होती, तेव्हा बोलली. नवरा मारत नाही, पीत नाही. फक्त ती नको म्हणते ते त्याला ऐकू येत नाही. पोट पडलं त्याच्या आठव्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं. मग ती भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात पाढे म्हणते. एकोणतिसाचा पाठ झालाय.

तिचे केस पुसून अक्का तडक झुलालकडे गेली.

झुलालच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, हे काय बोलायचं असतं का, नवराच आहे ना तिचा. मंदाच्या आईने, वच्छलाबाईने, डोळे पुसले आणि ओटी भरायला गहू निवडायला घेतले. पाठवणीची ओटी भरली की पोरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावंच लागतं. म्हणून ताट घरात तयार होत होतं आणि बाहेर अक्का गोष्ट लांबवत होती.

समोर मंदाला न्यायला आलेले दोघे पाहुणे खापरावरची पुरणपोळी चापून सुपारी कातरत बसले होते. एक जावई लीलाधर, जळगावात मेहरूणला राहणारा, डाळमिलमध्ये कारकून. दुसरे त्याचे वडील तोतारामनाना, शब्दाला जागणारे आणि पोलिसाला टरकणारे. गोष्टीला कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाऱ्याचं तोंड चालत नाही. एरवी तो मंदा द्यायची. आज ती आत ट्रंकेवर बसली होती. पाहुण्यांत थोरले म्हणून नानांनीच "हूं" म्हटलं, आणि तिथेच ते फसले; हुंकार देणाऱ्याला गोष्ट संपेपर्यंत उठता येत नाही.

अक्काने सांगितलं, की धुळ्याच्या पलीकडे धनसिंग नावाचा एक गडी होता. त्याची बायको एकदा नाही म्हणाली. धनसिंगने ऐकलं नाही. बाईने सकाळी उठून दिल्लीला पंधरा पैशांचं कार्ड टाकलं. आठव्या दिवशी दारात जीप. जीपमधून चौदा पोलीस बाया उतरल्या, एकेक सहा फुटी, आणि सगळ्यांत बुटकीने धनसिंगला काखेत मारून जीपमध्ये ठेवला.

"हूं," नाना म्हणाले. चहा बशीत निवत होता.

कोर्टात जज्जाने विचारलं, बैलाच्या मानेवर जू ठेवायच्या आधी पाठीवरून हात फिरवतोस ना? फिरवतो, म्हणाला. बैल बसला तर? उठेपर्यंत थांबतो. मग बायकोसाठी का नाही थांबलास? धनसिंग म्हणाला, साहेब, ती बायको आहे. झालं. नवा कायदा निघालाय, जज्ज म्हणाला, नवरा असला तरी सुटका नाही. दोन वर्षं.

"दोन वर्षं?" लीलाधरने पहिल्यांदा तोंड उघडलं.

अक्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुरुंगात धनसिंगला जातं दिलं होतं. रोज जेलर विचारायचा, दळतोस का? धनसिंग म्हणायचा, आज नको साहेब, अंग मोडून आलंय. जेलर म्हणायचा, तुझ्या नकोला इथं कोण विचारतं, आणि पायलीभर ज्वारी पुढ्यात ओतायचा.

लीलाधरचे कान लाल झाले. नानांनी सुपारी खाली ठेवली. कायदा इकडेही लागू आहे का, त्यांनी हळूच विचारलं.

"बठ्ठा मुलुखले लागू शे," अक्का म्हणाली. आणि खोटं रंगात आलं की तिला आवरत नसे, म्हणून पुढे जोडलं, की नावांच्या याद्या निघाल्यात, मेहरूणची तर कालच गेली.

नाना उठले. तूर्त पोरीला राहू द्या, म्हणाले, दिवाळीचं दिवाळीला बघू. झुलालनेही सुटल्यासारखी मान डोलावली. सरकारचा कायदाच असेल, तो म्हणाला, तर आपण काय करणार, पोरीचं त्यात काही नाही. अक्काने मिशरीची डबी काढली. एसटी चुकली होती. आयुष्यातलं सगळ्यांत गोड खोटं तिच्या जिभेवर होतं.

तेवढ्यात मंदा दारात आली. आईच्या हातातलं ओटीचं ताट तिने मागे सारलं होतं.

"अक्का खोटं बोलतेय," ती म्हणाली.

अक्काने तिला डोळ्यांनी दाबलं. ती दबली नाही.

"असा कायदा नाही. मेहरूणला घरोघर बाया कागद घेऊन आल्या होत्या, त्यांनी वाचून दाखवलं. परक्याने केलं तर गुन्हा, नवऱ्याने केलं तर नाही, असंच लिहिलंय अजून. ते बदला म्हणून त्या सह्या घेत होत्या. मीपण केली." ती लीलाधरकडे वळली. "तुम्ही मिलमध्ये होतात. कुठली जीप येणार नाही, कुठली यादी नाही. मीच येत नाही. आजही नाही, दिवाळीलाही नाही."