मागची घंटा

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात माझी पंचाईत होते. मी एक जुनी सायकल आहे असे म्हणावे, तर मी एक नाही. दोन जुन्या सायकली कापून आणि जोडून मला बनवले आहे. माझा पुढचा भाग एका दूधवाल्याच्या सायकलीचा, दणकट आणि जरा हेकट. मागचा भाग एका शाळेतल्या बाईंच्या सायकलीचा, सडपातळ आणि सोशीक. मला दोन सीट, दोन हँडल आणि दोन घंटा आहेत. ब्रेक मात्र सगळे पुढच्या हँडलला. वेल्डरकडचे सामान तिथेच संपले.

मला बनवले ते भांडण मिटवण्यासाठी. एका सुताराला दोन मुली होत्या आणि घरात सायकल एकच. रोज सकाळी तिच्यावरून दोघी एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या. शेवटी सुतार कोपऱ्यावरच्या वेल्डरला म्हणाला, "असं काही तरी कर बाबा, की दोघींना एकदमच जावं लागेल." वेल्डरने भंगारातून मला उभे केले आणि सुताराकडे दाराला लावून उरलेला निळा रंग मला फासला. भांडण मात्र मिटले नाही. आता दोघी पुढे कोणी बसायचे यावर भांडू लागल्या.

थोरलीने "मी मोठी आहे" एवढ्या एकाच मुद्द्यावर पुढची सीट पटकावली, ती कायमचीच. धाकटी रुसून बसली. तेव्हा वेल्डरने तिची समजूत काढायला मागच्या हँडलला एक पितळी घंटा बसवली आणि थोरलीला बजावले, "ही वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही." तेव्हापासून रीतच पडली. थोरली विचारणार, "बसलीस?" धाकटी एकदा घंटा वाजवणार, आणि मग मी निघणार. दोनदा वाजली तर थांबायचे. सारखी वाजत राहिली तर समजावे, धाकटीला भूक लागली आहे.

ते दिवस मजेचे होते, पण फार टिकले नाहीत. रस्त्यावर ट्रक वाढले, आईने सायकल बंद केली, आणि पुढे धाकटी लग्न होऊन लांब गेली. दोघींची सायकल एकटीने कोण चालवणार? माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. अंगावर रंगाचे रिकामे डबे आले, टायर बसले, साखळी गंजली. माझ्या हँडलला अडकवलेल्या टोपलीत एक कोंबडी अंडी घालायची. तेवढेच माझे काम, आणि खोटे कशाला बोलू, मला तेही आवडायचे.

वर्षे गेली. धाकटीचा नवरा वारला, मुलगा शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागला, आणि धाकटी थोरलीकडे परत आली. थोरलीने तोवर कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे दुकान काढले होते. तिथेही वाटणी तीच. थोरली पुढे काउंटरवर, गिऱ्हाइकांशी बोलायला. धाकटी मागच्या खोलीत, वाफेत, इस्त्रीच्या टेबलापाशी. गिऱ्हाईक शर्ट हातात घेऊन म्हणायचे, "ताई, तुमच्या घडीला तोड नाही." थोरली हसून मान डोलवायची. घडी धाकटीची असायची. पडद्याआड धाकटीला सगळे ऐकू यायचे.

माझे नशीब उघडले ते आगगाडीमुळे. गावाबाहेर नदीच्या कडेकडेने एक छोटी गाडी धावायची, ती बंद पडली. रूळ उचलले आणि त्या जागी डोंगरापर्यंत सायकलींसाठी गुळगुळीत वाट केली. मोटार नाही, ट्रक नाही, स्कूटरसुद्धा नाही. थोरलीने ते पाहिले, घरी आली आणि कोंबडीला माझ्या टोपलीतून हुसकून लावले.

मला नवे टायर आणि नवी साखळी चढली, आणि मग दर सुट्टीला आमची स्वारी निघू लागली. आधी डोंगराकडे चढ, वर जुन्या स्टेशनाचा ओटा आणि पाण्याचा नळ, मग परतताना घसरगुंडीसारखा लांब उतार, खाली लोखंडी पूल, मग नदीची सपाट वाट आणि शेवटी घराकडचा एक छोटा, पण खडूस चढ. लव्हाळ्यात खंड्या पक्षी बसलेला असायचा. शेळ्या वाट अडवून उभ्या राहायच्या आणि आमचीच चूक असल्यासारख्या बघायच्या. येणारेजाणारे थांबून माझे फोटो काढायचे. थोरली सगळ्यांना सांगायची, "चालवते मी. मागे बसणारीला काय, फुकटची हवा." यावर धाकटी फक्त घंटा वाजवायची.

आणि एके दिवशी धाकटीच्या मुलाचा फोन आला. मोठे घर घेतले आहे, बाळही चालायला लागले आहे, आई, आता कायमची इकडेच ये. धाकटीने हातातली इस्त्री उभी केली आणि बहिणीला विचारले, "काय करू ग ताई?"

थोरलीच्या मनात होते, थांब म्हणावे. पण ती म्हणाली, "जा की. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. ती सायकलही चौकातल्या हॉटेलवाल्याला देऊन टाकू. कुंड्या ठेवायला मागतोच आहे तो."

मी दाराशीच उभी होते. कुंड्या! कोंबडीत निदान थोडी ऊब तरी असते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शेवटची फेरी म्हणून दोघी निघाल्या. थोरलीने विचारले, "बसलीस?" घंटा वाजली नाही. थोरलीने मागे वळून पाहिले, धाकटी बसलेली होती. फुरंगटून थोरली निघाली. सगळा चढ दोघींनी तोंडातून शब्द न काढता चढला.

वरच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबलो. थोरली लगेच परत येऊन पुढच्या सीटवर बसली, एक पाय जमिनीवर टेकून, नजर समोर. धाकटीने आपली पिशवी माझ्या मागच्या कॅरिअरवर दणकन ठेवली आणि नळापाशी विसरलेला रुमाल आणायला वळली. तो दणका थोरलीला कळला. तिला वाटले, बसली. "नको वाजवूस," ती पुटपुटली आणि तिने मला उतारावर सोडले.

मित्रांनो, मी काय करणार होते? मला दोन घंटा आहेत, पण स्वतःहून एकही वाजवता येत नाही. माझी पुढची आणि मागची पायडले एकाच साखळीने बांधलेली. पुढची फिरली की मागची आपोआप फिरतात, वर पाय असोत वा नसोत. आणि उतारावर तर पाय मारावेच लागत नाहीत.

पूल मागे पडला, नदीची वाट लागली, वारा पाठीवर होता. थोरलीचा राग हळूहळू उतरला. ती समोर बघतच बोलू लागली.

"काल मी बोलले ते मनातलं नव्हतं ग. तोंडातून गेलं." तिने वाटेतल्या एका शेळीला वळसा घातला. "लोक घडीचं कौतुक करतात ना, तेव्हा मला सांगायचं असतं, माझी नाही, हिची आहे. पण ऐकायला बरं वाटतं, म्हणून सांगत नाही. तू जाऊ नकोस. म्हणजे पोराकडे जायचं असेल तर जा. पण मला नाही जमायचं एकटीला." मग आवाज बारीक करून म्हणाली, "ऐकतेस ना? एकदा घंटा तरी वाजव."

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. इतके दिवस मी त्या दोघींना वाहिले, पण थोरलीच्या तोंडून असले बोलणे पहिल्यांदा ऐकले, आणि तेही ऐकायला मी एकटीच. मला भरून आले.

एवढ्यात तो खडूस चढ आला. थोरलीने जोर लावला. मी थोडी चढले, डगमगले आणि थांबले. तिने पुन्हा जोर लावला. तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. मी मागे घसरू लागले.

"पाय मार की ग!" असे म्हणून तिने मागे पाहिले.

सीट रिकामी. कॅरिअरवर पिशवी. थोरलीचा चेहरा इस्त्री न केलेल्या चादरीसारखा झाला. तिने घाईघाईने फोन काढून धाकटीला लावला, आणि तो त्या पिशवीतच वाजू लागला.

तिने मला वळवले आणि हातात धरून ढकलत, धापा टाकत उलट निघाली. बसून चालवायचे तिला सुचलेच नाही. पुलापाशी पोहोचलो तर समोरून वाट झाडणाऱ्या काकांची तीनचाकी पायडल गाडी येत होती. तिच्यात वाळक्या फांद्यांचा ढीग, आणि ढिगावर पाय सोडून धाकटी, राणीसारखी.

"सगळ्या उतारभर 'ब्रेक लावा, ब्रेक लावा' म्हणून ओरडत होत्या बाई," काका म्हणाले. "माझे कान किटले."

धाकटी खाली उतरली, पदराला अडकलेल्या काटक्या काढल्या आणि बहिणीसमोर उभी राहिली.

"अडलं का?"

थोरलीला श्वास पुरत नव्हता. "अडलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"चढावर. आणि दुकानातही अडेल. घरातही." तिने डोळे पुसले. "नदीकाठी मी फार छान बोलले होते ग. आता काही आठवत नाही."

"कुणाशी बोललीस?"

"तुझ्या पिशवीशी."

धाकटीला हसू फुटले, मग थोरलीलाही. दोघी माझ्या हँडलला धरून हसत राहिल्या, इतक्या की मीही हलत होते. "तुमचं झालं असेल तर गाडी बाजूला घ्या," काका म्हणाले, "मला पलीकडे झाडायचंय."

धाकटी म्हणाली, "मी कायमची जात नाही. थोडे दिवस जाते, नातवाचे लाड करते आणि परत येते. तोवर तू घडी घालायला शीक." मग तिने माझे पुढचे हँडल धरले. "आणि आता पुढे मी बसते."

आयुष्यात पहिल्यांदा थोरली मागे बसली. समोर बहिणीची पाठ, हाताशी ब्रेक नाही. "हळू, डावीकडे घे, शेळी, शेळी!" असे ती ओरडत राहिली. पण चढ आला तेव्हा दोघींनी एकदम पाय मारला आणि मी वाऱ्यासारखी वर गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर तिला अडगळीत टाकू नका. अधूनमधून साखळीला तेल घाला, चाकात हवा भरा. आणि दोघे मिळून कुठे निघालात, तर पायडल मारण्याआधी एकदा मागे वळून बघा. घंटा वाजली नाही तर निघू नका.

सध्या धाकटी मुलाकडे गेली आहे. थोरली रोज दुकान बंद करताना माझी मागची घंटा फडक्याने पुसते आणि एकदा वाजवून बघते. शर्टांच्या घड्या वाकड्या येतात. काल एका गिऱ्हाइकाने तक्रार केलीच, "ताई, तुमची घडी पूर्वीसारखी राहिली नाही."

"ती माझी नव्हतीच," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या बहिणीची होती. येईल ती रविवारी. तोवर वाकडी घडी चालवून घ्या."