पाहुण्यांसाठी राखलेलं रान

मार्लिस उंगर ही आमच्या काउंटीची शेती सल्लागार. नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला तिला ओळखत नाही असं घर नव्हतं. कुणाच्या गव्हावर तांबेरा दिसला, कुणाची वरी पिवळी पडली, की आधी तिलाच फोन. त्यातही व्हर्लिन क्रिझचे जास्त. दोघं एका शाळेत शिकलेले, एकाच चर्चमधले. तिचा नवरा ऐन कापणीत गेला, तेव्हा स्वतःचा गहू उभा ठेवून व्हर्लिनने आधी तिचा काढून दिला होता.

त्या वर्षी राज्याला केंद्राचं मोठं अनुदान मिळालं. ते शेतकऱ्यांसाठी नव्हतं, त्यांना सल्ला देणाऱ्यांसाठी होतं. राज्याच्या सगळ्या भागांतले सल्लागार एकत्र आणायचे आणि जमीन कशी सुधारायची ते त्यांना शिकवायचं. शिकवणी मात्र पूर्वेला, लिंकनच्या बाजूला. तिकडे पाऊस आमच्या दुप्पट पडतो. मार्लिस सहा-सहा तास गाडी हाकत जायची आणि परत यायची ती कालच नोकरीला लागल्यासारखी. ओलीसाठी वर्षभर न पेरता सोडलेलं पड रान उघडं ठेवायचं नाही, त्यात ओट, वाटाणा, मुळा पेरून जमीन झाकायची, हे तिच्या मनाने पक्कं घेतलं. आणि अनुदानाची अटच होती की शिकलेलं प्रत्येकाने आपल्या भागात एका रानावर करून दाखवायचं.

"तुझं रस्त्याकडेचं रान दे," ती व्हर्लिनला म्हणाली.

"अगं, ते माझं कुठंय? युनीसबाईंचं. मी खंडाने करतो."

"खंडाने म्हणे! तुझ्या वडिलांपासून तुमच्याकडेच आहे की."

"पण पड रानात आम्ही ओल साठवतो, मार्लिस. आणि तू म्हणतेस मुळे लाव."

"वेळेवर तणनाशकाने मारले तर ओल टिकते. वेळ मी सांगेन ना."

"मग काय, तू सांगशील तेव्हा मारू."

एप्रिलमध्ये पेरणी झाली. कॅफेत सकाळच्या कॉफीला व्हर्लिनची टर उडायला लागली.

"काय रे, यंदा मुळ्याचा पाव खाणार म्हणे?"

"खाणार. आणि तुला तुकडासुद्धा देणार नाही."

मे संपत आला तरी पाऊस नव्हता. गरम वारा सुटला होता. तेवढं एक रान हिरवंगार, बाकी सगळं तपकिरी. एका सकाळी व्हर्लिनचा फोन आला.

"फावड्याने उकरून बघितलं. खालची ओल ओढली जातेय. उद्या तणनाशक मारून संपवतो."

मार्लिसची नजर कॅलेंडरवर गेली. जूनच्या मध्यावर राज्यभरातले सल्लागार बसने तेच रान बघायला येणार होते, अनुदान देणाऱ्या कार्यालयातली बाईही येणार होती. त्यांना काय, करपलेले बुडखे दाखवायचे?

"थांब जरा," ती म्हणाली. "पाहू अजून दोन-तीन आठवडे. एखादा पाऊस येईलच."

"तू म्हणतेस तर थांबतो."

पाहुणे आले. गुडघाभर हिरवळीत फिरले, हातभर मुळा उपटून व्हर्लिनसोबत फोटो काढून घेतले. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी चिली, म्हणजे राजमा-मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल केले होते, तेही सगळ्यांनी वाखाणले. कार्यालयातली बाई जाताना मार्लिसचा हात सोडेना. पाऊस काही आला नाही.

सप्टेंबरात त्या रानात गहू पेरला तो कोरड्या मातीत. कुठे चार रोपं वर आली, कुठे तीही नाहीत. फेब्रुवारीत वारा सुटला तेव्हा माती धरून ठेवायला काही नव्हतंच. धुळीने रस्ता दिसेना, शेरीफला वाहतूक थांबवावी लागली. थांबलेल्या गाड्यांत युनीसबाईंचा भाचा होता.

बाईंनी रान व्हर्लिनकडून काढून दुसऱ्याला दिलं. कळल्यावर मार्लिसने युनीसबाईंना डेन्व्हरला फोन लावला. "चूक माझी आहे, त्याची नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"असेल हो," युनीसबाई म्हणाल्या. "पण माझ्या बापाचं रान रस्त्यावर उडालं ना. आणि माझा शब्द देऊन झालाय."

पुढच्या वर्षी अनुदान पुन्हा आलं. मार्लिस भांडली आणि एक शिकवणी पश्चिमेला घ्यायला लावली. त्याच हॉलमध्ये ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पाऊस नसताना पीक लवकर मारायला हवं होतं, रानाचा माणूस तसं म्हणत होता, आणि आपण त्याला थांबवलं ते पाहुण्यांना हिरवं दिसावं म्हणून. व्हर्लिनला तिने बोलावलं होतं, तो आला नव्हता.

संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. तो शेडमध्ये पेरणी यंत्राची साखळी बसवत होता.

"तुला एक सांगायचं राहिलंय, व्हर्लिन. त्या वेळी मी तुला थांब म्हटलं ना—"

"बस येणार होती म्हणून. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. बस कधी येणार ते तूच नव्हतंस का सांगितलं?"

"मग ऐकलंस कशाला माझं?"

त्याने हात फडक्याला पुसले. "नवरा गेल्यापासून तुला एवढं खूश पाहिलं नव्हतं. म्हटलं, होऊन जाऊ दे." मग तो पुन्हा साखळीकडे वळला. "फक्त विचारायचं होतंस. पावसाचं कशाला सांगितलंस? रान पाहुण्यांसाठी ठेवतोस का, एवढं विचारलं असतंस तरी मी ठेवलं असतं."

घरातून त्याच्या बायकोने, जोलीनने, जेवायला थांबतेस का म्हणून हाक मारली. मार्लिस थांबली नाही.

शिकवण्या आता दरवर्षी आमच्याकडेही होतात आणि मार्लिसच्या सांगण्याने बऱ्याच जणांची रानं वाचली. व्हर्लिन चर्चमध्ये तिच्या शेजारच्या बाकावर बसतो, गुडघा कसा आहे विचारतो. पण गव्हावर काही दिसलं तर आता तो बियाण्याच्या दुकानदाराला विचारतो. मार्लिसला हे कळलंय. का म्हणून तिने त्याला कधी विचारलेलं नाही.